शिसवाची थप्पी

दादा, लाकडं ओली होती.

हे तुला आधी सांगायला हवं, कारण तू असतास तर तिथल्या तिथे भांडला असतास. चंदीगडच्या जानेवारीतलं धुकं तुला ठाऊकच आहे. स्मशानातल्या माणसानं ओंडके आणून टाकले, हात झटकले आणि म्हणाला, "लकड़ी थोड़ी गीली है जी, धुंध में ऐसा ही रहता है. टाइम लगेगा." मी मागच्या लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. वर पत्रा होता, पण खाली थेट ओली जमीन. ओंडके एकावर एक कसेही टाकलेले, तळाचे काळे पडलेले. खाली विटा नाहीत, मधे पट्ट्या नाहीत, वारा जायला फट नाही. आणि मला तुझाच आवाज ऐकू आला, "अरे, जमिनीवर काहून ठेवून राहिले हे? कोणी सांगत नाही का यांना?"

मला हसू आलं. तू समोर निजलेला, तुझी मुलगी शेजारी उभी, आणि मी हसले. मुक्ताला वाटलं, आत्याला हुंदका आला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिला तसंच वाटू दिलं. गेल्या पावसाळ्यापासून मी तुम्हा सगळ्यांना बरंच काही तसंच वाटू दिलं आहे, आणि आता लाज वाटते तर ती ऐकायला तू नाहीस.

मी स्मशानात पहिल्यांदाच आले होते. माझा जन्म पॅथॉलॉजीत गेला. मृतदेह उघडून पाहणं ही माझी नोकरी होती आणि त्याची भीती मला कधी वाटली नाही. पण यवतमाळच्या आपल्या घरातून बाबांना नेलं तेव्हा मी दारापर्यंतच होते. आठवतं तुला? मी तेव्हा मेडिकलला होते, चपला घालून निघालेही होते. काकांनी अडवलं. मी तुझ्याकडे पाहिलं, कारण तू माझी बाजू घेशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, "राहू दे निमे. तुला नाही पाहवणार." त्यावर आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचे, "मी रोज पाहते त्याहून वेगळं काय होतं तिथे?" आणि तू म्हणायचास, "तू पाहते ते दुसऱ्याचे बाप." भांडण तसंच राहिलं. या खेपेला मला अडवणारं कोणी नव्हतं. अग्नी मुक्तानं दिला.

घरात तू रीतिरिवाजांचा आणि मी टिंगल करणारी, ही आपली वाटणी लहानपणापासूनची. तू संध्याकाळी नखं कापू द्यायचा नाहीस, "जातो" म्हणू द्यायचा नाहीस, आणि मी मुद्दाम उंबऱ्यात उभी राहून "जाते रे, जाते" म्हणून तुझा जीव खायची. पुढे माझ्या नावामागे डॉक्टर लागलं आणि माझी टिंगल शास्त्रीय झाली. हे सगळं आठवून सांगतेय, कारण पुढे जे झालं ते तू केलं असतंस तर मी तुला आयुष्यभर चिडवलं असतं.

सगळं सुरू झालं पाटावरून. मला इथे नोकरी लागली आणि तू मागोमाग बदली मागून घेतलीस. तुझ्या ऑफिसातल्यांनी तुला वेड्यात काढलं. सगळे नागपूर मागतात, तू चंदीगड मागितलंस. "एकटी कशी राहील ती परमुलखात?" एवढंच तू वहिनीला म्हणालास आणि बिचारी वहिनी सामान बांधायला लागली. तिची परवानगी तू विचारली नव्हतीस, मीही नव्हती. इथल्या पहिल्या भाऊबीजेला घरात पाट नव्हता. वहिनीनं न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल धुऊनपुसून मांडलं, भोवती रांगोळी काढली. त्यावर तू अंग चोरून बसलास आणि म्हणालास, "न्हाव्याकडं आल्यासारखं वाटून राहिलं." दरवर्षी नवं काहीतरी. एकदा वेताचं बुटकं स्टूल, इथे ज्याला मोढा म्हणतात, एकदा टीव्हीचं खोकं. सेक्टरातल्या मार्केटात पाट मागितला की दुकानदार दोऱ्यांनी विणलेली पीढी पुढे करायचा. "हिच्यावर बसून बायका स्वेटर विणतात. ओवाळून घ्यायची वस्तू आहे का ही?" असं तू मला मराठीत म्हणायचास आणि त्याला "बहुत बढ़िया है जी" म्हणून निघायचास.

रिटायर झालास, परत जायचं नाव काढलं नाहीस, आणि एके दिवशी रंधा विकत आणलास. त्याच हिवाळ्यात इंडस्ट्रियल एरियातल्या आरा मशीनवर तू मला ओढत घेऊन गेलास. तिथे शिसवाचं ताजं खोड फाडत होते. तिथले सरदारजी त्याला टाहली म्हणत होते आणि तू हट्टानं शिसव म्हणत होतास. ते म्हणाले, "कच्ची है जी. रख दो, साल-दो साल भूल जाओ." तू हरखलास. तुला हवं तेच होतं ते, काहीतरी ठेवून द्यायचं आणि वाट पाहायची.

त्या खोडाच्या फळ्या आणून मागच्या अंगणात तू थप्पी लावलीस तेव्हा मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते. खाली विटा, विटांवर आडवे ठोकळे. त्यावर फळ्यांचा एक थर, त्यावर आडव्या बारीक पट्ट्या, मग पुन्हा थर. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर आली पाहिजे म्हणून तू दर थराला खाली वाकून एक डोळा मिटून पाहत होतास. फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट फासलास, कारण टोकांतून पाणी घाईनं जातं आणि लाकूड तिथेच तडकतं. वर पत्रा, बाजू मोकळ्या, आणि पत्र्यावर दगड, फळ्यांनी मान वर काढू नये म्हणून. मी म्हटलं, "प्लॅस्टिक गुंडाळून टाक ना चारी बाजूंनी." तू असा दचकलास की जणू मी मुक्ताला गुंडाळायला सांगितलं. "अगं, घाम कुठं जाईल त्याचा? लाकूड कापलं म्हणून मेलं नसते. श्वास घेते ते."

"मेलेलंच असतं दादा. त्यातल्या बऱ्याच पेशी तर झाड उभं असतानाच मेलेल्या असतात."

"मग हलते कसं ते, पाणी गेल्यावर?"

"हलणं म्हणजे जिवंत असणं नव्हे."

"तू आपली स्लाइड पाहत बस," तू म्हणालास. हेही भांडण राहिलं.

तू नेहमी थप्पी म्हणायचास. "थप्पी लावली", "थप्पीकडं जाऊन येतो". वहिनी मात्र रचली म्हणायची. फोनवर बहिणीला सांगायची, "यांनी मागं लाकडं रचून ठेवलीत." तो शब्द मी किती वेळा ऐकला आणि सोडून दिला. पण कानात राहिला असणार.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला तुझा श्वास लागला आणि आम्ही तुला दाखल केलं. हृदय थकलं होतं. पण औषधांना तू छान साथ देत होतास. वॉर्डातल्या डॉक्टरांशी मी बोलले, सगळे रिपोर्ट स्वतः पाहिले, आणि मला मनापासून वाटलं, नीट राहिला तर पुष्कळ वर्षं राहील. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण सगळी गोम यातच आहे.

तुझा चष्मा आणि पायजमे न्यायला मी तुमच्या घरी आले होते. वहिनी तुझ्याजवळ होती. भर दुपार, आभाळ भरलेलं, अंगाला चिकटणारी हवा. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. वहिनीनं सकाळी निघायच्या घाईत धुतलेली पांढरी चादर थप्पीवर वाळत घातली होती. दोरीवर जागा नसेल. चादर लांबीला नीट बसली होती, मधेच वाऱ्यानं फुगून खाली येत होती. आणि थप्पी तर तेवढीच लांब, तेवढीच रुंद, आडवी-उभी, थरावर थर. वहिनीचा शब्द कानात वाजला. रचलंय. मी मनात तो शब्द पुरा केला. सरण.

दादा, मी ती चादर ओढून काढली, आत नेऊन टाकली आणि पत्र्यावरचे दगड उतरवायला लागले. मी! जी तुला तिन्हीसांजेला नखं कापून दाखवायची.

संध्याकाळी मुक्ता नॉलेज सिटीतल्या तिच्या लॅबमधून परत आली तेव्हा निम्म्या फळ्या माझ्या काढून झाल्या होत्या. ती दारातच थबकली. "आत्या, ये क्या कर रही हो? पापा ने हाथ लगाने को मना किया है."

"डास होतात यात. डेंग्यूचे दिवस येतायत. त्याला आता कसलाही ताप परवडायचा नाही."

"पर इसमें पानी कहाँ रुकता है?"

"मी डॉक्टर म्हणून सांगतेय, मुक्ता."

ती स्वतः संशोधन करते, तिला डास कुठे वाढतात ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही एकेक फळी पश्चिमेच्या भिंतीला उभी टेकवली. खाली उघडी माती, वर पत्रा नाही, दुपारनंतरचं सगळं ऊन अंगावर. तू इतकं समजावून सांगितलं होतंस, काय काय करायचं नाही ते. मी त्यातलं एकही सोडलं नाही. पण अंगण मोकळं दिसत होतं आणि मला त्या रात्री झोप लागली.

तू घरी आलास आणि चहाही न घेता मागच्या दाराशी गेलास. चौकटीला धरून भिंतीची एकेक फळी पाहिलीस.

"काहून गं निमे?"

"डास," मी म्हटलं.

तू वळून माझ्या तोंडाकडे पाहिलंस. "डास," तूही म्हणालास. मग म्हणालास, "बरं."

मी भांडणाची तयारी करून आले होते. तू ओरडशील, मुक्ताला हाक मारून पुन्हा थर लावायला घेशील, मी तुला वजन उचलू देणार नाही, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. तू काहीच केलं नाहीस. खुर्चीत बसलास आणि जरा वेळानं अगदी सहज विचारलंस, "खरं सांग मला. किती दिवस आहेत?"

"वेडा आहेस का? गोळ्या घे, मीठ कमी कर. पुष्कळ वर्षं पाट करत बसशील."

"बरं," तू पुन्हा म्हणालास. अगदी त्याच आवाजात.

मग पाऊस झाला. ऊन पडलं, पुन्हा पाऊस झाला. फळ्या फिरल्या. कुणाची कड वर आली, कुणाला पीळ पडला, दोन-चार टोकाला रंग असूनही तडकल्या. मी आले की त्या भिंतीकडे बघायची नाही. तू मात्र एक बरी फळी निवडलीस आणि रंधा काढलास. मी विचारलं, "दोन वर्षं थांबायचं म्हणत होतास ना?" तू म्हणालास, "होते वाळून तेवढ्यात." तुझा हात चालायला लागला म्हणून मी खूष झाले. वहिनीला म्हटलंही, बघ, मन रमलं त्याचं.

भाऊबीजेला पाट मांडला होता. रुंद, चांगला तपकिरी, एका कडेला पिवळसर पट्टा राहू दिलेला, कोपऱ्यांना बारीक गोलाई. चंदीगडातला आपला पहिला पाट. तू बसलास आणि पाट हलला. खट. तू सावरून बसलास, पुन्हा खट. करताना तो सपाट होता, तू मला दाखवला होतास. पण आतलं पाणी जायचं होतं, ते गेलं आणि पाट एका कोपऱ्यावर उठला. वहिनीनं तुझ्याच गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, घडी घालून त्या कोपऱ्याखाली सारला. तरी तो डगडगलाच. "चंदीगडात भूकंप फार," तू म्हणालास. मुक्ता हसली, वहिनी हसली. मी निरांजन फिरवत होते आणि ज्योत हलत होती. तुला वाटलं असेल, तुझ्या हसण्यानं.

मग इथल्या महाराष्ट्र मंडळाचा फराळ झाला. त्यात मंडळातले एक काका, ज्यांना तू वर्षभर लाकूड कसं ठेवावं यावर पिडलं होतंस, सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, आम्हाला एवढी व्याख्यानं दिलीत आणि तुमचाच पाट डोलतो म्हणे!" सगळे हसले. तूही हसलास. म्हणालास, "चुकलं माझं. घाई झाली."

मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. माझ्या हातात चकली होती. तेव्हा मला बोलता आलं असतं की नाही हो, घाई याची नाही, चूक याची नाही, थप्पी मी मोडली. मी चकली खाल्ली. घरी जाताना गाडीत तू गुणगुणत होतास आणि मला इतकं ओशाळं वाटत होतं की मी उगीचच तुझ्यावर मफलर न घेतल्याबद्दल खेकसले.

आणि आता तू गेलास. सकाळचा चहा घेऊन वहिनी आली आणि तू उठला नाहीस, इतकं साधं. भेटायला येणारे लोक मला म्हणतात, "बहीण डॉक्टर होती म्हणून एवढे तरी दिवस मिळाले." मी मान हलवते. मंडळातल्या बायका त्या पाटावर हात फिरवून म्हणतात, "शेवटची आठवण." वहिनीनं तो बैठकीत आणून ठेवलाय. येणारा जाणारा त्याच्याकडे बघतो आणि मी उठून पाणी आणायला आत जाते.

स्मशानातलं मघाशी अर्धंच सांगितलं. तू समोर होतास आणि त्या माणसानं तुझ्यासाठी लाकडं लावायला घेतली. मी डोळे मिटणार होते, पण नाही मिटले. मला ते पाहायचंच होतं, बाबांच्या वेळेपासूनचं. त्यानं जाड ओंडके खाली टाकले, मग मधल्या फाटी, खपल्या, वाकडे तुकडे, जिथे पोकळी दिसेल तिथे कोंबून. वर तू, आणि तुझ्यावर पुन्हा ओंडके. कुठेही सरळ रेघ नाही. कुठेही एकाच्या बरोबर वर दुसरं नाही. कोणी वाकून, एक डोळा मिटून पाहत नाही. दादा, ते तुझ्या थप्पीसारखं दिसतच नव्हतं. जराही नाही. मी जन्मात कधी सरण पाहिलं नव्हतं. जे कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासारखं दिसतं म्हणून मी तुझी थप्पी मोडली. तुझ्या फळ्या दुरून बघून मला जे वाटलं, ते माझ्या डोक्यातलं होतं, ऐकीव, दारात उभं राहून कल्पना केलेलं. तू मला बाबांच्या वेळी नेलं असतंस तर तुझी थप्पी वाचली असती, असंही तिथे मनात आलं. बघ, तुझ्या चितेपाशी उभी राहूनही मी भांडणात सरशी शोधत होते.

मला वाटलं, माझी लाज इथवरच आहे. ती घेऊन मी वहिनीकडे गेले. सगळे पाहुणे गेल्यावर ती ओट्याशी भांडी पुसत होती. मी म्हटलं, "वहिनी, ते डास नव्हते. चादर टाकलेली होती थप्पीवर, मला ते भलतंच काही दिसलं. मी घाबरले. म्हणून मोडली."

ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "डास नव्हते हे त्यांना माहीत होतं, निमाताई."

"म्हणजे?"

"त्याच दिवशी म्हणाले मला. निमीनं लाकडं काढली. दोन वर्षांनी लागणारी वस्तू कशाला ठेवायची, असं तिच्या मनात आलं असेल. डॉक्टर आहे ती, तिला दिसून राहिलं माझं. तोंडानं सांगवत नाही, म्हणून घर आवरायला घेतलं."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, अहो, विचारून घ्या एकदा. तर म्हणाले, विचारलं. पुष्कळ वर्षं म्हणाली. निमीला खोटं बोलता येत नाही, डासांचं बोलली तशीच हेही बोलली." वहिनीनं फडकं खाली ठेवलं. "तुम्हाला विचारू नको म्हणाले. तिला त्रास होईल म्हणाले. मग पाटाची घाई लागली त्यांना."

घाई झाली. सगळ्यांसमोर तू ते म्हणालास आणि मला वाटलं, माझी चूक पोटात घालतोयस. तू तर खरंच सांगत होतास.

दादा, ऐक. डासांचं खोटं होतं. वर्षांचं खरं होतं. मी तुझे रिपोर्ट पाहून, मनापासून, तुझी बहीण म्हणून नाही तर डॉक्टर म्हणून ते बोलले होते. माझा अंदाज चुकला तो चुकला, पण मी लपवत काही नव्हते. पण डॉक्टरचा आवाज मी आधी डासांसाठी वापरून टाकला होता. खऱ्यासाठी तोच आवाज उरला, आणि तू तो ओळखलास. किती महिने तू स्वतःला जाणारा समजून वावरलास? फराळाला हसलास, गाडीत गुणगुणलास, माझं मफलरावरचं खेकसणं ऐकून घेतलंस, आणि मनात हे. आणि मला कळू द्यायचं नाही, का, तर निमीला त्रास होईल. मी तुझ्यापासून एक भीती लपवली आणि तू माझ्यापासून तिच्या किती पट लपवलीस. तुझ्यासमोर मी नेहमी शहाणी होते. आता मान वर करवत नाही.

तुझ्याजवळ दोन वर्षं नाहीत असं तू धरून चाललास आणि त्या उरलेल्या दिवसांत तू काय केलंस, तर मी ओवाळायला नीट जागा असावी म्हणून पाट. रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं. हा उपकार कसा फेडायचा ते मला समजत नाही. कच्च्या लाकडाचा पाट डोलणार, हे तुझ्याशिवाय कोणाला जास्त ठाऊक होतं? तरी केलास.

आज मी अंगणात गेले. भिंतीच्या फळ्या एकेक करून आडव्या घेतल्या. विटा होत्याच. पट्ट्या सापडेनात, मग कळलं की वहिनीनं त्या वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या होत्या. वेल सोडवून पट्ट्या काढल्या, मातीची टोकं पुसली. मुक्ता आली आणि काही न विचारता दुसरं टोक धरलं. "सीधी तो अब नहीं होंगी, आत्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "नसतील होत." मग मी वाकून एक डोळा मिटला, पट्टीवर पट्टी येते का पाहायला. येत नव्हती. मुक्तानं ती बोटभर सरकवली. म्हणाली, "पापा ऐसे ही करते थे," आणि मग मराठीत, जरा अडखळत, "बघ आत्या, आता आली."

वर दगड ठेवून आम्ही पायरीवर बसलो होतो तेवढ्यात वहिनी ओले कपडे घेऊन आली. घरभर पाहुण्यांच्या चादरी, दोरी भरलेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि एक पांढरी चादर झटकून थप्पीवर टाकली. मग माझ्याकडे पाहून तिचा हात थांबला. ती चादर उचलायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.

भाऊ नसेल तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, असं आई सांगायची, आणि मी तिला विचारायची की चंद्राच्या कपाळाला कुंकू कसं लावायचं. तू मागून माझी वेणी ओढायचास. या दिवाळीला मी गच्चीवर जाणार आहे. चंद्राला पाट लागत नाही, दादा. तरी मी मांडणार आहे. पुठ्ठा काढून टाकणार आहे त्याखालचा. डगडगला तर डगडगू दे, तो माझ्यामुळे डगडगतो.